स्टेरॉइडची सायकल संपते तेव्हा

निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण 5 ते 7 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार करतं, म्हणजे आठवड्याला 50 मिलिग्रॅमच्या आतच. जिममध्ये ‘सायकल’ मारणारे, म्हणजे स्नायू वाढवायला काही आठवडे टेस्टोस्टेरॉन किंवा त्यासारखी स्टेरॉइड घेणारे अनेकजण आठवड्याला 500 ते 1000 मिलिग्रॅम टोचून घेतात, वर गोळ्या वेगळ्याच.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी या पुराला लगेच दाद देते. वृषणांना कामाला लावणारे एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन ती सोडेनाशी होते. वृषणं आकसतात, शुक्राणू घटत जातात, कधी शून्यावर येतात. काही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन होतं आणि पुरुषाची छाती स्तनासारखी वाढते. जुनी झालेली वाढ बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. स्टेरॉइड घेणाऱ्या बायकांचा आवाज एकदा घोगरा झाला, की औषध थांबवूनही सहसा पूर्ववत होत नाही.

हृदयाचं नुकसान आरशात दिसत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. 2017 साली वजन उचलणाऱ्या 140 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. स्टेरॉइड न घेणाऱ्यांचं हृदय दर ठोक्याला सरासरी 63 टक्के रक्त बाहेर ढकलत होतं, घेणाऱ्यांचं 52 टक्के.

मनाचं काय? 2000 सालच्या एका प्रयोगात आठवड्याला 600 मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन दिल्यावर बहुतेकांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. साधारण 16 टक्के पुरुष मात्र उन्मादाकडे झुकले. आपला नंबर कशात लागेल, हे आधी सांगता येत नाही.

खरा धोका सायकल संपल्यावर असतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बाहेरचा साठा संपलेला, आतला कारखाना अजून बंद. तो सुरू व्हायला काही महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. तेवढ्यात झोप उडते, कामेच्छा मरते, कमावलेले स्नायू उतरू लागतात. नैराश्य येतं, आत्महत्येचे विचार येतात. पुढचं इंजेक्शन घेतलं की बरं वाटतं. व्यसन लागतं ते इथेच.

त्यामुळे सोडताना डॉक्टरांना औषधाचं नाव, डोस आणि किती आठवडे घेतलं ते खरंखुरं सांगा, लाजू नका. सकाळचं टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा), लिपिड (कोलेस्टेरॉल), यकृताच्या चाचण्या आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा इमर्जन्सी विभागात जा. घरच्यांनी त्या काळात अशा माणसाला एकटं सोडू नये.