अदृश्य अपंगत्व समजावून सांगणे

कुबड्या, पांढरी काठी, चाकांची खुर्ची यांपैकी काही दिसत नसतानाही रोजचे व्यवहार अडवणाऱ्या अवस्थेला अदृश्य अपंगत्व म्हणतात. अपस्मार (फिट येणे), ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणे), क्रोन्सचा आजार (आतड्यांचा दीर्घकाळचा दाह), फायब्रोमायाल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहणे), स्वमग्नता, कमी ऐकू येणे, वारंवार उठणारी अर्धशिशी असे बरेच काही त्यात मोडते. अशा व्यक्तीला दुखण्याबरोबरच ते खरे असल्याची खात्रीही पटवून द्यावी लागते.

समजावणे बहुतेकदा फसते ते निदानाच्या नावाने सुरुवात केल्यामुळे. नाव कानावर पडले की समोरचा घाबरतो, नाहीतर उपाय सुचवू लागतो. ‘मला पॉट्स आहे’ म्हणून कुणाला काही उमगत नाही. ‘उभे राहिल्यावर १० मिनिटांच्या आत माझ्या नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा जास्तच वाढतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून रांगेत मला बसायला जागा लागते’ असे म्हटले तर कारण, परिणाम आणि मागणी एका दमात कळतात. अनोळखी माणसाला शेवटचा तुकडा पुरे. सहकाऱ्याला तिन्ही सांगावेत. स्पष्टीकरण लांबले की ते गयावया केल्यासारखे वाटू लागते.

थकवा समजावायला चमच्यांची उपमा रुळली आहे. ल्यूपस असलेल्या क्रिस्टिन मिझरँडिनो यांनी २००३ मध्ये ती मांडली: मैत्रिणीच्या हातात १२ चमचे द्यायचे आणि उठणे, अंघोळ, कपडे अशा प्रत्येक कामागणिक एकेक काढून घ्यायचा. (मराठीत ‘चमचा’ म्हटले की भलताच अर्थ आधी आठवतो, नाणी म्हटले तरी चालते.) उपमा तोकडी पडते ती दोन ठिकाणी. बहिरेपणाला ती नीट लागू होत नाही, कारण तिथली मुख्य अडचण थकवा नसते. आणि मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिसमध्ये (थोड्या श्रमानेही बळावणारा, दीर्घकाळ थकवा आणणारा आजार) श्रमाची किंमत अनेकदा १२ ते ४८ तासांनी वसूल होते. समारंभात हसताना पाहिलेल्यांना तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळलेला माणूस दिसतच नाही.

पटवायला सर्वांत अवघड असतो तो चढउतार. ‘काल तर जिना चढलात!’ हा आक्षेप ठरलेला. त्यामुळे चांगला, नेहमीचा आणि वाईट असे तिन्ही दिवस आधीच सांगावेत: किती पायऱ्या, किती वेळ, आठवड्यातून साधारण किती वेळा. चाकांच्या खुर्चीतून उठून चार पावले टाकणाऱ्याला ढोंगी ठरवले जाते तेही यामुळेच.

कमी ऐकू येणाऱ्याचे श्रवणयंत्र चष्म्यासारखे नसते, ते लावले की सगळे नीट ऐकू येते असे नाही. ते गोंगाटही मोठा करते. ओरडल्याने शब्द आणि ओठांची हालचाल दोन्ही बिघडतात. चेहऱ्यावर उजेड घेऊन, समोरून बोलावे. कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलावेत.

२०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर अदृश्य अपंगत्व असलेल्यांसाठी पिवळ्या सूर्यफुलांची, ओळखपत्रासारखी गळ्यात घालायची हिरवी पट्टी सुरू झाली. ‘मला थोडा जास्त वेळ किंवा मदत लागू शकते’ एवढेच ती सांगते. ती प्रमाणपत्र नव्हे, आणि खूण न ओळखणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे तिचा उपयोगही नाही.

अपस्मारात मात्र सोबतच्यांना कृती नेमकी माहीत हवी: घड्याळ पाहावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काही घालू नये, झटका ओसरताच कुशीवर वळवावे. ५ मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलवावी. झटक्यानंतरचा मनाचा गोंधळ काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकू शकतो. हे आधी सांगितलेले नसेल तर लोक त्याला नशा समजतात.