आर-फोर आणि कस्टम फर्मवेअर: दोन्हींना ‘क्रॅक’ म्हणणं थांबवा

सोनीचा पीएसपी आणि निन्टेन्डोचा डीएस या हातात धरून खेळायच्या जुन्या गेमयंत्रांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पीएसपी काय नि डीएस काय, दोन्ही क्रॅक करून मिळायचे.’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. फुकटचे गेम दोन्हीकडे चालायचे, हे खरं. पण कुलूप वेगवेगळ्या जागी तुटलं होतं आणि पुढचं सगळं त्यावरून ठरलं.

आधी पीएसपीचं बघा. सोनीच्या फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, जागी बदललेलं ‘कस्टम’ फर्मवेअर टाकायचं, गेमची आयएसओ फाइल (डिस्कची हुबेहूब प्रत) मेमरी स्टिकवर, म्हणजे पीएसपीच्या मेमरी कार्डावर, ठेवायची, झालं. म्हणजे इथे यंत्रच बदलतं आणि जोखीमही यंत्रालाच. माझा पहिला पीएसपी असाच गेला. फर्मवेअर चढत असताना दुकानदाराने बॅटरी काढली. त्यानंतर बटण सरकवलं की हिरवा दिवा लागायचा, स्क्रीन मात्र काळीच.

आर-फोरचं तसं नाही. ते निव्वळ एक कार्ड, डीएसच्या खऱ्या गेमकार्डाएवढंच. त्याच्या खाचेत मायक्रोएसडी सरकवायचं आणि ते डीएसच्या स्लॉटमध्ये घालायचं. डीएसला वाटतं, खरा गेमच आला. यंत्रात काडीचाही बदल होत नाही. कार्ड काढलं की डीएस होता तसा. त्यामुळे सेकंड हँड डीएस ‘क्रॅक केलेला आहे’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर तो तुम्हाला फक्त एक कार्ड विकतोय.

आता हा फरक का महत्त्वाचा ते बघा. यंत्र बदलत होतं म्हणून सोनीला यंत्रातच लढता आलं. नव्या गेमच्या यूएमडीवर (पीएसपीच्या छोट्या डिस्कवर) नवं फर्मवेअर यायचं. अपडेट केल्याशिवाय गेम सुरूच व्हायचा नाही. पैसे मोजून गेम आणलेला माणूस आधी चार्जर लावून अपडेट संपायची वाट बघत बसायचा. फुकट्यांसाठी थोड्याच दिवसांत नवं कस्टम फर्मवेअर हजर. मूळ डीएस आणि डीएस लाइटमध्ये तर सिस्टीम अपडेट करायची सोयच नव्हती. ती २००८ च्या डीएसआय या पुढच्या मॉडेलपासून आली. मग खरं कार्ड आणि खोटं कार्ड ओळखायचं काम गेमवरच येऊन पडलं. पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइटला खोटं कार्ड कळलं की लढाया कितीही जिंका, अनुभवाचे गुण मिळायचेच नाहीत.

दुसरी लढाई कोर्टात झाली. आर-फोर ही हातात धरता येणारी, दुकानात विकली जाणारी वस्तू होती, म्हणून तिच्यावर बंदी घालता येत होती. २००९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तिची विक्री थांबवली, २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानेही निकाल निन्टेन्डोच्या बाजूने दिला. फुकट वाटल्या जाणाऱ्या फर्मवेअरच्या फाइलवर असं बोट ठेवणं फार अवघड. म्हणूनच माझ्या लेखी आर-फोर विकणारे जास्त दोषी: दुसऱ्याच्या गेमवर त्यांनी सरळ धंदा केला. कस्टम फर्मवेअरने मात्र स्वतः विकत घेतलेली यूएमडीही मेमरी स्टिकवर घेता यायची. ड्राइव्हची घरघर बंद, गेम लवकर लोड, बॅटरीही जास्त टिकायची. मी ते त्यासाठीच वापरलं आणि पुन्हा वापरेन.

आणि ‘पायरसीने पीएसपी बुडवला’ हे तर बोलूच नका. पीएसपी सुमारे ८ कोटी विकला गेला. आर-फोर गल्लोगल्ली मिळत असताना डीएस १५.४ कोटींवर पोचला. यंत्रं खपतच होती. मार बसला तो गेम बनवणाऱ्यांना. आणि त्यांच्यानंतर गिऱ्हाइकाला: २०११ मध्ये पीएसपीचा वारसदार व्हिटा आला तेव्हा पायरसीच्या धास्तीने सोनीने बाजारातलं साधं मेमरी कार्ड त्यात चालूच दिलं नाही. स्वतःचं महागडं कार्ड घ्यायला लावलं, आणि तो भुर्दंड गेम विकत घेऊन खेळणाऱ्यांनीही भरला.