कम्युनिटी आर्ट सोलापूरला नवीन आहे का? थोडी पार्श्वभूमी

हल्ली कम्युनिटी आर्टचं वर्कशॉप म्हणलं की एक भिंत रंगवायची, ग्रुप फोटो काढायचा, झालं. सोलापुरात लोकांनी मिळून कला करायची सवय त्याच्या फार आधीची आहे, आणि तिचं मूळ बघायचं तर गिरणीकडं जावं लागतं.

1877 ला इथं पहिली कापड गिरणी निघाली, तीच ती जुनी गिरणी. मागोमाग बाकीच्या आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कन्नड लोक तर आधीपासूनचेच, शिवाय मराठी आणि उर्दूवाले, म्हणजे एकाच पाळीत चार भाषा. अशा गावात भाषणापेक्षा हलगी लवकर पोचत असणार असं आपलं माझं मत. स्वातंत्र्यलढ्यात 1930 ला इथं मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नुसती नावं वाचली तरी गाव कसं मिसळलेलं होतं ते कळतं.

पुढचा धागा बार्शीचा. शाहीर अमर शेख तिथलेच, जन्म 1916 चा, गिरणीत काम केलं, कामगार चळवळीत उतरले आणि 1944 ला अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर या शाहिरांबरोबर मुंबईत लाल बावटा कलापथक काढलं. या लोकांनी नवीन काही शोधून काढलं नाही, लोकांना पाठ असलेला तमाशाच घेतला, गवळण काढून टाकली, गणात देवाऐवजी कष्टकऱ्यांना वंदन केलं आणि वगात संप, भाडं, महागाई आणली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच पोवाडे गावोगाव गेले.

गावात मात्र शाहिरीपेक्षा सराव टिकला. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज एकट्यादुकट्याचं काम नाही, एवढी उंच काठी आळीपाळीनं पेलायची तर आधी सराव लागतोच. लेझीमचंही तसंच, गणपतीआधी संध्याकाळी पोरं रांगेत डाव बसवत असतात. पूर्व भागात नवरात्रात तेलुगू बायका फुलांची बतुकम्मा रचून भोवती गाणी म्हणतात, तिथं प्रेक्षक असा कुणी नसतोच.

गिरण्या एकेक करत बंद पडल्या, यंत्रमाग आणि विडी उरली, मंडळं राहिली. आता कित्येक मिरवणुकांत डीजे आलाय, त्याला सराव लागत नाही आणि माझी खरी तक्रार तिथंच आहे. बाहेरून येऊन इथं काही करायचं असेल तर आधी विडी वळणाऱ्या बायकांना विचारा त्या मोकळ्या कधी असतात, वर्कशॉपचं टायमिंग त्यावर ठरवा.