नवा डोमेन आला, जुना क्रमांक राहिला: पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका संस्थेच्या सिव्हिल लाइन्स, हिंगणा आणि बुटीबोरी इथल्या कार्यालयांची युजर खाती नव्या डोमेनमध्ये, म्हणजे विंडोज नेटवर्कमधल्या खाती आणि संगणकांच्या नव्या सामाईक गटात, गेली आहेत. लोक नव्या नावाने लॉगिन करतात, पासवर्ड चालतात, फायली उघडतात. वाद उरलाय तो एकाच गोष्टीवर: खात्यांसोबत आलेली एसआयडी हिस्टरी, म्हणजे खात्याच्या जुन्या ओळख-क्रमांकाची नोंद, ठेवायची की पुसायची.

विंडोज एनटीचा काळ थोडक्यात सांगतो. तेव्हा सगळी खाती सॅम नावाच्या एकाच सपाट डेटाबेसमध्ये असत आणि तो ४० एमबीच्या पुढे जाऊ देऊ नका, अशी शिफारस होती. त्यामुळे मोठ्या संस्थांमध्ये एकाचे चार डोमेन झाले. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही खाती सांभाळणारी नवी व्यवस्था आली, तेव्हा दोन रस्ते होते. जुना डोमेन जागच्या जागी अपग्रेड करायचा, किंवा नवा कोरा डोमेन उभारून खाती तिकडे न्यायची. पहिल्यात डोमेनची ओळख कायम राहते. दुसऱ्यात राहत नाही, आणि पुढचा सगळा गुंता तिथून सुरू होतो.

एसआयडी म्हणजे एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा. त्यात डोमेनचे तीन आकडे आणि शेवटी खात्याचा क्रमांक. फोल्डरच्या परवानगीत नाव नसतं, हा आकडा असतो. दोन वेगळ्या फॉरेस्टमध्ये (फॉरेस्ट म्हणजे एकत्र बांधलेल्या डोमेनचा समूह) ‘मायग्रेशन’ करताना खातं हलतच नाही. नव्या डोमेनमध्ये त्याची प्रत तयार होते आणि जुनं खातं जागेवर राहतं. एकाच फॉरेस्टमध्ये मात्र ते खरोखर हलतं आणि मूळ जागी उरत नाही. दोन्हीला शब्द एकच असल्याने बैठकीत ‘खाती गेली’ म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं.

प्रतीला नवा एसआयडी मिळतो, म्हणून जुनं फोल्डर तिला ओळखत नाही. त्यावर उपाय म्हणून २००० साली खात्याला हिस्टरीचा रकाना दिला गेला. नागपूरच्या जुन्या वस्त्यांतली विक्रीपत्रं पाहिलेल्यांना हे लगेच कळेल: सिटी सर्व्हे नंबर आला, तरी मौजा आणि खसरा क्रमांक कागदावर सोबत चालतच राहिले. लॉगिन करताना जुना आणि नवा असे दोन्ही आकडे टोकनमध्ये, म्हणजे लॉगिनवेळी तयार होणाऱ्या ओळखपत्रात, जातात आणि जुनं फोल्डर उघडतं.

ही सोय तात्पुरती होती. खाती न्या, फाइल सर्व्हरवरच्या परवानग्या नव्या आकड्यांवर लिहा, मग हिस्टरी पुसा, असा क्रम होता. तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी झालीच नाही. जानेवारी २००२ मध्ये सुरक्षा सूचना निघाली: विश्वासातल्या डोमेनचा अ‍ॅडमिन टोकनमध्ये परके एसआयडी घुसवू शकतो आणि समोरचा डोमेन ते तपासत नाही. त्यावर असे परके आकडे गाळून टाकणारं एसआयडी फिल्टरिंग आलं. सर्व्हर २००३ पासून बाहेरच्या डोमेनशी केलेल्या नव्या ट्रस्टवर (एकमेकांची खाती मान्य करण्याच्या जोडणीवर) ते आपोआप सुरू असतं. पण फिल्टर सुरू असेल, तर नव्या खात्याची हिस्टरी जुन्या डोमेनच्या दारातच गळून पडते. म्हणून मायग्रेशनपुरता तो बंद करायचा आणि काम झालं की पुन्हा लावायचा. ‘मायग्रेशनपुरता’ बंद केलेले फिल्टर वर्षानुवर्षं तसेच राहिलेले मी पाहिले आहेत. माझ्या मते हिस्टरी ठेवण्यापेक्षा खरी चूक हीच आहे.

हिस्टरी ठेवा म्हणणाऱ्यांकडेही कारण आहे. लाखो फायली, डेटाबेसमधले लॉगिन, कुणी कधी लावलेले शेड्यूल्ड टास्क. हे सगळं तपासायला माणसं लागतात आणि एक जरी जागा सुटली, तर सोमवारी सकाळी पगाराचं काम अडतं. पण हिस्टरीने टोकन फुगतं. अनेक ग्रुपमध्ये असलेल्या माणसाचं टोकन २०१२ पूर्वीच्या १२,००० बाइटच्या डिफॉल्ट मर्यादेत मावत नसे आणि लॉगिनच्या विचित्र तक्रारी सुरू होत.

अलीकडची मायग्रेशनं वेगळ्या कारणाने होतात. ‘डॉट लोकल’ने संपणाऱ्या अंतर्गत नावांना सार्वजनिक सुरक्षा प्रमाणपत्रं मिळणं २०१५ मध्ये थांबलं. क्लाउडसाठी ईमेलसारखं लॉगिन नाव लागतं. साधनं मात्र जुनीच आहेत. नेहमीच्या मायग्रेशन टूलची ३.२ आवृत्ती २०१० ची. प्रोफाइल, म्हणजे युजरचा डेस्कटॉप आणि सेटिंग्ज, हेही एसआयडीवर बांधलेलं असतं. ते नव्या आकड्याशी जोडलं नाही, तर बाबूंना पहिल्या दिवशी कोरा डेस्कटॉप दिसतो आणि मराठी टायपिंगचा लेआउट नव्याने लावावा लागतो. हिंगण्याहून पहिल्या दिवशी आलेले बहुतेक फोन याच कारणाचे होते.

या संस्थेत परवानग्या नव्या आकड्यांवर लिहून झाल्या, असं अनेकांना मनापासून वाटतं. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये नव्या डोमेनची नावं दिसतात. पण विंडोज नाव शोधताना हिस्टरीही बघतं, त्यामुळे आत जुना आकडा असला तरी पडद्यावर नवंच नाव उमटतं. खरा आकडा स्क्रिप्टने काढावा लागतो. सिव्हिल लाइन्सच्या फाइल सर्व्हरवर ते काम आत्ता कुठे सुरू झालंय.