अवरक्त किरण सोडणारे नॅनोकण

शरीरात सोडल्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर टाकणारे, आणि त्यामुळे चिरफाड न करता आतल्या रक्तवाहिन्या, लसिका ग्रंथी किंवा गाठी कॅमेऱ्याला दाखवणारे सूक्ष्म कण. सुई मात्र टोचावी लागतेच. कणांचा आकार साधारण ५ ते १०० नॅनोमीटर. १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बाहेरून लेसरचा प्रकाश पाडला की ते तो शोषतात आणि सहसा जास्त तरंगलांबीचा प्रकाश परत देतात. या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात.

सांगलीत अनुस्फुरण पोत्यांनी विकले जाते, फक्त त्या नावाने नाही. चिमूटभर हळद स्पिरिटात ढवळून खोट्या नोटा ओळखायच्या जांभळ्या दिव्याखाली धरली, तर द्रावण हिरवट पिवळे उजळते. ही करामत हळदीतल्या करक्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याची. मग त्याच्याच उजेडात शरीराच्या आत का पाहू नये? कारण तो उजेड मांसातून बाहेर येईपर्यंत संपतो. बराचसा हीमोग्लोबिन शोषून घेते, उरलेला पेशींवर आदळून विखुरतो. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवले की ते लालभडक दिसते. पांढऱ्या प्रकाशातला लाल तेवढाच पार होतो. बोटातले हाड मात्र दिसत नाही. प्रकाश आरपार जातो, पण वाटेत विखुरल्यामुळे चित्र पुसले जाते.

लालच्या पलीकडे या दोन्ही अडचणी कमी होतात. तिथे किरण आहेत हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये तापमापीने दाखवले. ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्याला ऊतींची पहिली खिडकी म्हणतात, १००० ते १७०० ही दुसरी. दुसरीत विखुरणे आणखी घटते, म्हणून चित्र रेखीव येते. मात्र १४५० च्या आसपास पाणीच प्रकाश पिते. कोरोनाकाळात कपाळावर रोखली जाणारी ताप मोजायची बंदूकही अवरक्त किरणच टिपे, पण ते शरीराच्या स्वतःच्या उष्णतेचे आणि कितीतरी लांब तरंगलांबीचे. दोन्हींची गल्लत होऊ नये.

कण अनेक पदार्थांचे असतात. शिशाच्या किंवा चांदीच्या सल्फाइडाच्या क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म स्फटिकात, आकार बदलला की प्रकाशाचा रंग बदलतो. क्वांटम डॉटच्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कार्बनच्या नॅनोनळ्या वापरून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या कवटी न उघडता पाहिल्या गेल्या. विरल मृदा मूलद्रव्यांपैकी एर्बियम १५५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देते. लांब पल्ल्याच्या इंटरनेट फायबरमध्ये मंदावलेला संदेश पुन्हा ठळक करायलाही हेच एर्बियम कामी येते.

टीव्हीच्या रिमोटची अवरक्त लुकलुक मोबाइलच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसते. पण त्या कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनची ही नजर सुमारे ११०० नॅनोमीटरला थांबते. पुढचे पाहायला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा कॅमेरा लागतो, आणि तो महाग असतो.

खरी अडचण कण आत घालण्याची नाही, बाहेर काढण्याची आहे. सुमारे ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे जातात. मोठे यकृतात आणि प्लीहेत अडकतात. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरवलेली हळद हवी तेव्हा वर काढता येई. यकृतात साठलेले कण पित्तावाटे निघालेच तर फार सावकाश निघतात. त्यात शिसे, कॅडमियम किंवा आर्सेनिक असले तर धोका उघड आहे. प्रकाश कितीही छान पडो, डॉक्टर आधी हेच विचारणार. म्हणूनच यातले बहुतेक काम अजून उंदीर-डुकरांवर चालते. २००४ मध्ये डुकरांच्या त्वचेखाली १ सेंटिमीटर खोल असलेली लसिका ग्रंथी शस्त्रक्रिया चालू असतानाच क्वांटम डॉटने दाखवून दिली.

रुग्णालयांत वापरले जाणारे इंडोसायनिन ग्रीन हा नॅनोकण नव्हे, साधा रंगरेणू आहे. अमेरिकेत त्याला १९५९ मध्येच मान्यता मिळाली. त्याचा प्रकाश ८३० नॅनोमीटरच्या आसपास असतो. दुसऱ्या खिडकीतही प्रकाश काही सेंटिमीटरच पोचतो. जत-आटपाडीहून मिरजेला पोटातली गाठ दाखवायला येणाऱ्याला त्यामुळे सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयच करावे लागते. नॅनोकणांचा उपयोग झालाच तर त्यानंतर, ऑपरेशनच्या टेबलावर: गाठीची कड नेमकी कुठे संपते, हे सर्जनला दाखवण्यासाठी.