लंडनला रुंबावर नाचवणारा एडमुंडो रॉस

‘समाधी’ (१९५०) मधलं ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ आजही लग्नाच्या संगीतात हटकून वाजतं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ते ‘चिको चिको फ्रॉम पोर्टो रिको’वरून बांधलं, हे जुन्या गाण्यांच्या शौकिनांना ठाऊक असतं. मूळ गाणं एका अमेरिकन चित्रपटातलं, ब्राझिलियन गायिका-नटी कारमेन मिरांडाच्या तोंडचं. पण आपल्याकडे या गाण्याचा विषय निघाला की सोबत नाव येतं ते एडमुंडो रॉसचं, कारण त्याच्या बँडनेही ते रेकॉर्ड केलं होतं. ‘कुणीतरी लॅटिन अमेरिकन बँडवाला’ अशी त्याची ओळख करून देतात. ती अर्धीच खरी.

रॉसचा जन्म ७ डिसेंबर १९१० चा, त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचा. म्हणजे तो जन्माने ब्रिटिश वसाहतीतला. पोरवयात तो व्हेनेझुएलात, कॅराकसला गेला, तिथे लष्करी अकादमीच्या बँडमध्ये वाजवायला शिकला आणि पुढे सिंफनी ऑर्केस्ट्रात टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, वाजवू लागला. १९३७ मध्ये लंडनला आला तो रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रीतसर शिक्षण घ्यायला. दिवसा अकॅडमी, रात्री नाइटक्लब, असं सुरू झालं. १९३८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक फॅट्स वॉलर लंडनला आला, तेव्हा त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तालवाद्यांवर हाच होता.

रुंबा या क्युबन नाचाचं खूळ तोवर युरोपात पसरलं होतं. १९३० मध्ये क्युबाच्या डॉन आस्पियासूच्या बँडने न्यूयॉर्कमध्ये ‘एल मानिसेरो’ म्हणजे शेंगदाणेवाल्याचं गाणं रेकॉर्ड केलं आणि तिथून लाट उसळली. (ज्याला जग रुंबा म्हणू लागलं तो खरा क्युबातला ‘सोन’ नावाचा दुसराच संगीतप्रकार, हा घोळ अजून निस्तरलेला नाही.) रॉस आधी बारेतो नावाच्या क्युबन बँडवाल्याकडे होता. ऑगस्ट १९४० मध्ये त्याने स्वतःचा रुंबा बँड काढला, आणि नेमक्या त्याच सुमारास लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. मार्च १९४१ मध्ये लंडनच्या ‘कॅफे दे पारी’ या नाइटक्लबवर बॉम्ब पडून केन जॉन्सन हा बँडलीडर वाजवता वाजवता गेला. तरीही लोक नाचायचे थांबले नाहीत. मेफेअरच्या ‘बॅगाटेल’ रेस्टॉरंटमध्ये रॉसच्या बँडवर राजकन्या एलिझाबेथ पहिल्यांदा चारचौघांत नाचली असं सांगतात. मग उच्चभ्रूंमध्ये त्याचं नाव व्हायला किती वेळ लागणार!

त्याची खरी करामत मात्र वाद्यमेळात होती. क्युबन संगीतात क्लावे नावाच्या दोन आखूड लाकडी दांड्यांवर दोन मात्राखंडांत मिळून पाच ठोके पडतात, एकात तीन, दुसऱ्यात दोन. बाकी सगळा बँड त्या चौकटीत खेळतो. बास बऱ्याचदा समेला हजरच नसतो, आधीच वाजून मोकळा होतो. वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटवर वाढलेला इंग्रज अशा वेळी पाय कुठे टाकायचा म्हणून चाचपडत राहतो. रॉसने ठोका स्पष्ट केला, चाल पुढे आणली, गाणी इंग्रजीत स्वतः गायली आणि माराकास, बाँगो वगैरे मसाला वरून भुरभुरला. चालीही शक्यतो लोकांच्या कानावरच्या घेतल्या. १९४९ च्या ‘वेडिंग सांबा’चंच बघा. हा सांबा मुळात अब्राहम एलस्टाइन या संगीतकाराची यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतली) चाल. तिला ब्राझिलियन ताल चढवला, लंडनमध्ये वाजवली, आणि तबकड्या लाखांनी खपल्या.

जाणकारांनी याला पाणचट म्हटलं. हवानातल्या बँडशेजारी किंवा न्यूयॉर्कमधल्या माचितो या क्युबन बँडवाल्याशेजारी ठेवलं तर रॉस सपक वाटतो, हे मलाही मान्य आहे. पण माचितो ज्यांच्यासाठी वाजवत होता ते नाचणारे तो ताल घरून घेऊन येत. रॉसचं गिऱ्हाईक वेगळं होतं. आणि सोपा केलेला ताल लांबवर जातो. मुंबईतही गोव्याच्या अल्डोण्याचे आंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हॉटेलात बँड चालवत आणि सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळातही असत. लॅटिन ठेका हिंदी सिनेमात रुळला त्यात अशा गोवेकर वादकांचा वाटा मोठा.

१९५१ मध्ये रॉसने रीजंट स्ट्रीटवरचा ‘कोकोनट ग्रोव्ह’ क्लब विकत घेतला आणि पुढे त्याला स्वतःचंच नाव दिलं. १९५८ ची ‘रिदम्स ऑफ द साउथ’ ही स्टीरिओ एलपी दहा लाख खपली. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये जुगार कायदेशीर झाला, गिऱ्हाईक कॅसिनोंकडे वळलं आणि १९६५ मध्ये क्लब बंद पडला. बँड मात्र चालू होता. जपानचे दौरेही झाले.

शेवट झाला तो भांडणातून. १९७५ च्या दौऱ्यात बँडमधला वादक-युनियनचा प्रतिनिधी परस्पर व्यवहार ठरवतोय असं रॉसच्या लक्षात आलं. परतल्यावर त्याने सगळ्यांना थाटात जेवायला बोलावलं आणि जेवणातच बँड मोडल्याचं जाहीर केलं. एवढ्यावर न थांबता वाद्यमेळाची जवळपास सगळी नोटेशनं नष्ट करून टाकली, म्हणजे पुन्हा कुणी तो बँड उभा करायला नको. मग स्पेनमध्ये अलिकांतेजवळ जाऊन राहिला. १९९४ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये शेवटचा उभा राहिला, तोही बीबीसीच्या बँडसमोर. २००० मध्ये ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला, आणि २१ ऑक्टोबर २०११ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी तो वारला.