मोटर वाढवायच्या आधी पाइपलाइनकडं बघा

फेब्रुवारी संपला की नदीतलं पाणी उचलून रानाला देणाऱ्या आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या ऑफिससमोर रोज तेच भांडण. वरच्या मळ्यातले तात्या म्हणणार माझी पाळी येऊन गेली पण सरीत पाणी आलंच नाही, आणि पाणक्या, म्हणजे पाळीप्रमाणं पाणी सोडणारा माणूस, म्हणणार मोटर रात्रभर चालू होती, माझा काय दोष. दोघंही खरंच बोलत असतात. मग पाणी गेलं कुठं?

कोल्हापूरचं पाणी म्हटलं की आपल्याला राधानगरी आठवतं, शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं धरण, साधारण ८.३ टीएमसीचं. तिथून भोगावतीत पाणी सुटतंय आणि पुढं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे फळ्या, घालून ते अडवलं जातंय. नदीत पाणी आहे, ही आपली मोठी पुण्याई. पण नदी खाली आणि रान वर, त्यामुळं मधला सगळा खेळ जॅकवेल (नदीकाठची पाणी उपसायची विहीर), मोटर आणि पाइपलाइनचा आहे, आणि कितीतरी गावांत हे सगळं तीस-चाळीस वर्षांचं जुनं झालंय.

पाणी कमी पडलं की मीटिंगमध्ये पहिला ठराव ठरलेला, मोटर मोठी घ्या. मला यावरच बोलायचंय, कारण यात संस्थेचे लाखो रुपये जातात आणि बऱ्याचदा दुखणं मोटरीत नसतंच.

आधी साधं गणित. १ लाख लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला, काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर, ८ युनिटच्या थोडी वर वीज लागते. पंप-मोटर मिळून ६५ टक्के काम देत असेल तर साडेबारा युनिट. तोच जोड झिजून ४५ टक्क्यांवर आला की १८ युनिट. पूर येऊन गेला की नदीच्या पाण्यात वाळू असते, ती इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, घासते, इम्पेलर आणि केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, यांच्यामधली फट वाढते आणि उचललेलं पाणी पंपाच्या पोटातच परत फिरत राहतं. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली होती, धोका पातळी ४३ फूट असताना. अशा पुरानंतर मोटर वाळवून, रिवाइंडिंग करून म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून लगेच चालू करतात, पण पंप खोलून आतला इम्पेलर कोण बघतंय? कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवा ओतून मिळतो, मोटरीच्या मानानं खर्च काहीच नाही.

आता पाइप. पाण्याचं आणि पाइपच्या भिंतीचं घर्षण वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे वेग दुप्पट तर घर्षण चौपट. आणि तेवढंच पाणी बारीक पाइपातून ढकलायचं असेल तर हिशोब व्यासाच्या पाचव्या घातानं जातो. बारा इंची बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाइपात गंज आणि क्षार बसून सगळीकडनं अर्धा-अर्धा इंच थर आला, मोकळी जागा अकरा इंच राहिली, तर माणसाला वाटतं एक इंचानं काय होतंय. घर्षण दीडपट होतंय! वरनं थर खडबडीत असला तर आणखी जास्त. अशा पाइपला तुम्ही ५० च्या जागी ७५ एचपी जोडली की वाढलेली ताकद निम्मीशिम्मी घर्षणात जाते, आणि पाइपातला दाब वाढल्यामुळं जिथं आधी झिरपत होतं तिथं कारंजं उडतं.

गळतीचा हिशोब तर लोकांना खरा वाटत नाही. ३० मीटरचा दाब असलेल्या पाइपला वाटाण्याएवढं, म्हणजे १० मिलिमीटरचं भोक पडलं तर तासाला ४ हजार लिटर पाणी जातंय. आठ तासांच्या लाईटीत ३२ हजार. जॉइंटातला रबर कुजला असेल तर एक वाटाणा नाही, अशी दहा-वीस भोकं एकाच जागी.

आणि लाईट! लाईट अचानक गेली की पाइपातला पाण्याचा खांब थोडा पुढं जाऊन थांबतो आणि मागं येतो, पाणी मागं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह धाडकन आपटतो, जॅकवेलवर झोपलेला माणूस त्या आवाजानं उठतो. पाण्याच्या वेगात सेकंदाला १ मीटरचा फरक झटक्यात पडला तर बीडाच्या पाइपात साधारण १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब तयार होतो. रोजचा दाब ३०-४० मीटर, त्यावर हा घाव, तोही दिवसातनं तीन-चार वेळा, म्हणून जुना पाइप फुटतोय. पाइपात हवा आत-बाहेर सोडणारे उंचवट्यावरचे एअर व्हॉल्व्ह चालू पाहिजेत, आमच्याकडं दोन तर मातीत गाडले गेले होते. लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच पण जपून, लाईट आल्या-आल्या अर्धवट रिकाम्या पाइपात पाणी सोडलं तरी तसाच दणका बसतो.

एक उन्हाळ्यातलं सांगतो. बंधाऱ्यातलं पाणी उतरलं की पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा पाणी आत ढकलते, आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर असल्यामुळं इथली हवा पाण्याला फार तर ९.६ मीटर उचलू शकते, प्रत्यक्षात पाच-सहा मीटरच्या पुढं अवघडच. त्याच्याखाली पाणी गेलं की पंपाच्या तोंडाशी दाब इतका पडतो की थंड पाणी पण उकळतं, वाफेचे बुडबुडे इम्पेलरवर जाऊन फुटतात आणि धातूचे कण उडवतात. अशा वेळी पंप खाली घ्यायचा किंवा डिलिव्हरीचा, म्हणजे पंपाच्या पुढचा, व्हॉल्व्ह थोडा आवळायचा, तसाच रेटायचा नाही.

आम्ही गेल्या वर्षी मोटरीचा ठराव थांबवला आणि आधी मोजलं. वरच्या चेंबरच्या तोंडाला पत्र्याची व्ही आकाराची, काटकोनी खाच बसवली. खाचेतून किती उंचीनं पाणी पडतंय त्यावरून सेकंदाचे लिटर कळतात: १० सेंटिमीटरला साडेचार लिटर, २० ला जवळजवळ २५, ३० ला ६८. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीच्या वर, त्यामुळं नुसत्या डोळ्यानं अंदाज हमखास चुकतो. आमच्या खाचेजवळच्या मोजपट्टीवर पाणी २७ सेंटिमीटरवर होतं, म्हणजे ५२ लिटर.

मग दोघं जण लाइनीवरनं चालत निघाले. एप्रिलचा महिना, सगळं रान वाळलेलं, आणि ओढ्याजवळच्या एका बांधाला गुडघाभर हिरवं गवत. म्हसरं तिथनं हलत नव्हती. उकरल्यावर दोन जॉइंट सापडले, रबर बोटानं चुरा होत होता. ते दोन जॉइंट बदलले, एअर व्हॉल्व्ह उकरून साफ केले, बाकी काही नाही. पट्टी २९ वर गेली, सेकंदाला १० लिटर वाढले, आठ तासांत २ लाख ८८ हजार लिटर, त्याच जुन्या मोटरीवर. त्या आठवड्यात तात्यांची पाळी पहाटे तीनला होती, आणि साडेचारला त्यांचा पाणक्याला फोन आला, शेवटची सरी भरली, आता बारं मोड, पाणी पुढच्याला दे म्हणून.